सात डॉलरचा जिमखाना

"काका, सी-फोर घ्यायचीय. झेड-फिफ्टीवन बघू की साधी?"

मिशिगनमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती-प्रसाद आटोपला, की पार्किंगमध्ये हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी येतो. विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. सी-फोर म्हणजे १९८४ ते १९९६ या वर्षांतली शेवरोले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार, चौथ्या पिढीची. झेड-फिफ्टीवन म्हणजे कारखान्यातूनच बसवून मिळणारं कडक सस्पेन्शन. माझ्याकडे आधी ८४ची झेड-फिफ्टीवन होती, आता ८७ची दुसऱ्या सस्पेन्शनची आहे, म्हणून लोक मला विचारतात. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही आणि तोवर हातातला मसालेभात गार होतो. तेव्हा सगळ्यांसाठी एकदा लिहूनच टाकतो.

ही भानगड झेड-फिफ्टीवनपासून सुरू झालेली नाही. कॉर्व्हेट मागवताना प्रत्येक जादा गोष्टीला एक कोड असायचा. १९७४ साली त्यात एफई-सेव्हन आला: जास्त कडक स्प्रिंगा आणि पुढे जाडसर स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळताना गाडीला कलू न देणारा दांडा. किंमत सात डॉलर. सत्तर नाही, सात. आणि नाव काय, तर ‘जिमखाना सस्पेन्शन’!

माझं कॉलेज पुण्यात झालं. जिमखाना म्हटलं की मला डेक्कनचा बसस्टॉप दिसतो, टेनिसची कोर्टं दिसतात. हा शब्द ‘गेंदखाना’वरून आला असं मानतात. साहेबाने तो हिंदुस्थानात उचलला, आधी क्लबला लावला, मग घोड्यांच्या कसरतीच्या शर्यतींना. शेवटी अमेरिकेत मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी नागमोडी काढायच्या खेळालाही तेच नाव पडलं. डेट्रॉइटच्या साहेबांनी तिथून ते सस्पेन्शनला दिलं. सात डॉलरची ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकटाच हसत बसलो होतो.

१९८४ला नवी गाडी आली आणि जिमखाना गेला. त्याच्या जागी झेड-फिफ्टीवन, साधारण सहाशे डॉलरना. यात अधिक कडक स्प्रिंगा, जाड बार, कडक बुश (सांध्यांमधले रबर), चपळ स्टिअरिंग आणि इंजिन ऑइलचा कूलर होता. त्या वर्षीच्या जवळपास निम्म्या गिऱ्हाइकांनी तो घेतला. लोभ होता आकड्याचा. गुळगुळीत डांबराच्या वर्तुळात गाडी घसरेपर्यंत वेग वाढवत न्यायची आणि ती बाजूला किती जोर सोसते ते मोजायचं. झेड-फिफ्टीवनवाल्या ८४ला ०.९५ जी, म्हणजे जवळपास गाडीच्या वजनाइतका जोर, सांगितला जायचा. त्या काळात रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हा आकडा म्हणजे कमालच. गुडइयरने या गाडीसाठी खास टायरही बनवले होते, मगरीच्या पाठीसारख्या नक्षीचे.

पण त्या वर्तुळात खड्डे नसतात.

आमच्याकडे हिवाळ्यात पाणी रस्त्याच्या भेगांत शिरतं, गोठतं, फुगतं, आणि मार्च उजाडला की रस्त्याची चाळण होते. त्यातून हायवे काँक्रीटचे. प्रत्येक सांध्यावर ठक, ठक, ठक. ८४ची साधी गाडीसुद्धा कडक होती. झेड-फिफ्टीवन तर दात मोजून घ्यायची. छपराचा तुकडा काढता येतो म्हणून गाडीचा सांगाडा वरून उघडा. त्यामुळे खड्ड्याचा दणका बसला की डॅशबोर्ड आपलं वेगळं गाऱ्हाणं सुरू करतो. आई कराडहून आली होती तेव्हा तिला हौसेने फिरवून आणलं. घरी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "चांगली आहे रे, पण एवढे पैसे घालून बैलगाडीच घ्यायची होती तर तिकडे मिळाली असती."

आई कराडची असल्यामुळे तिला हे म्हणायचा अधिकार आहे. तिच्या भावाचं, माझ्या मामाचं, हायवेला ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांचं, वर्कशॉप होतं. सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. पाटा तुटलेला ट्रक यायचा, मामा यू-बोल्ट सोडवायचा, मेन पाटा बाजूला काढायचा आणि भट्टीत घालून परत कमान द्यायचा. पोलादाचे ते पाटे दोघांना मिळून उचलावे लागत. म्हणून कॉर्व्हेटच्या खाली मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा गंमत वाटली: एवढी भारी स्पोर्ट्स कार आणि खाली पाटा! आडवा, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. फक्त पोलादाचा नाही, फायबरग्लासचा. १९८१मध्ये मागच्या बाजूला तो पहिल्यांदा आला आणि वजन चाळीसहून जास्त पौंडांवरून आठ पौंडांवर उतरलं. तेव्हाही जिमखानावाल्यांना तो मिळाला नव्हता, त्यांना पोलादीच. ८४पासून पुढेही फायबरचाच पाटा आला. तो गंजत नाही, वर्षानुवर्षं वापरून फारसा बसतही नाही. कडेचे धागे सुटायला लागलेत का, तेवढं मात्र टॉर्च घेऊन बघावं. मामाला फोटो दाखवला तर त्याचा विश्वासच बसेना. "याला भट्टीत कसं घालणार?" हा त्याचा पहिला प्रश्न.

तर, आता मुद्द्यावर. कोडपेक्षा साल बघा.

कंपनीलाही कळलं होतं की ८४मध्ये आपण जास्तच ताणलं. १९८५ला साध्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा साधारण पाव हिश्श्याने नरम केल्या. झेड-फिफ्टीवनच्याही उतरवल्या, पण तिला बदल्यात जाड बार आणि बिल्स्टाइन कंपनीचे गॅस शॉक (स्प्रिंगेची उसळी आवरणारे) दिले. हे ‘बदल्यात’ समजून घेतलं तर उरलेलं सगळं समजेल. स्प्रिंग प्रत्येक खड्ड्यात काम करते, तुम्ही सरळ जात असा की वळत असा. स्टॅबिलायझर बार दोन्ही चाकं एकदम वर गेली तर गप्प राहतो. एक बाजू वर आणि एक खाली, असं झालं की पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. म्हणजे वळणावरचा कल स्प्रिंगेने आवरलात तर त्याची किंमत सरळ रस्त्यावरही मोजत राहायची. बारने आवरलात तर बरीचशी वळणापुरती. (एकाच चाकाखाली खड्डा आला तर बारही दणका देतो, फुकट काही नाही.) ८४ची गाडी पहिल्या मार्गाने गेली होती, ८५ची दुसऱ्या मार्गाकडे वळली. त्यातून इंजिनही २०५वरून २३० अश्वशक्तीवर गेलं. म्हणून ८४ची झेड-फिफ्टीवन आणि ८६ची झेड-फिफ्टीवन यांना एकाच नावाने हाक मारणं मला पटत नाही.

झेड-फिफ्टीवनचा अपमान मात्र करू नका. १९८५ ते ८७ अमेरिकेतल्या शोरूम स्टॉक शर्यतींत, म्हणजे जशी विकली तशीच पळवायची या नियमाच्या शर्यतींत, कॉर्व्हेटने पोर्शे ९४४ टर्बोला डोकं वर काढू दिलं नाही. शेवटी कॉर्व्हेटला तिथून बाहेर काढलं आणि ८८-८९मध्ये तिच्यासाठी वेगळी मालिकाच सुरू झाली. ट्रॅकवर त्या सस्पेन्शनला कुणी नावं ठेवली नाहीत. तुम्ही वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणार असाल तर बिनधास्त घ्या. पण मला विचारणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक गाडी घेऊन आइस्क्रीम खायला जातात. मीही तेच करतो.

१९८७ला या वादावर मधला तोडगा निघाला, झेड-फिफ्टीटू. स्टिअरिंग, शॉक आणि सांगाड्याचे जादा आधार झेड-फिफ्टीवनसारखे, स्प्रिंगा साध्या गाडीसारख्या. माझी आत्ताची गाडी हीच. शहाण्या बायकोसारखी आहे, असं मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो. त्यावर घरी झालेली चर्चा इथे देत नाही.

१९८९ला एफएक्स-थ्री आलं. शॉकच्या डोक्यावर छोट्या मोटरी, आत एक बटण: टूर, स्पोर्ट, परफॉर्मन्स. वेग वाढेल तसा शॉक आपोआप कडक होतो. कागदावर हे सगळ्यात हुशार. मित्राच्या गाडीत बसलो तेव्हा टूर आणि स्पोर्टमधला फरक मला स्वतःला पटवून द्यावा लागला, परफॉर्मन्सचा मात्र लगेच मणक्याला कळला. आता त्या मोटरींचे गिअर झिजलेले असतात, तेव्हा बटण फिरवून खाली बसा आणि चारही खरंच हलतायत का ते ऐका.

आणि एक गोष्ट, जी ऐकली की पोरांचा चेहरा पडतो. माझ्या ८४चे शॉक मी बदलले तेव्हा जुन्यांपैकी दोन शॉक नुसत्या हाताने दाबले-ओढले तरी अडवतच नव्हते. आधीच्या मालकाने कधी हातच लावला नव्हता. म्हणजे आईला फिरवून आणलं ती झेड-फिफ्टीवन नव्हतीच. मेलेल्या शॉकवर उड्या मारणारी कडक स्प्रिंग होती. नवे शॉक, नवे बुश आणि ताजे टायर घातल्यावर तीच गाडी दणके खातच होती, पण एकदाच खायची, तीन वेळा नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या दोन गाड्या चालवून ‘हे सस्पेन्शन चांगलं, ते वाईट’ म्हणणारे बहुतेक वेळा दोन मालकांच्या आळसाची तुलना करत असतात.

यंदाच्या गणपतीत विचारणारा मुलगा नाशिकचा, नुकताच नोकरीला लागलेला. त्याला हे सगळं सांगितलं, एक चक्करही मारून आणली. परवा त्याचा फोन आला. ८५ची मिळतेय, लाल, झेड-फिफ्टीवन नाही. आवाज जरा पडलेला होता. म्हटलं, कोडांचं लेबल शोध आणि वाचून दाखव. बराच वेळ आकडे वाचत गेला आणि मध्येच म्हणाला, "एफजी-थ्री."

एफजी-थ्री म्हणजे साध्या स्प्रिंगांवर बिल्स्टाइनचे शॉक. मी त्याला आणखी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, शॉक शेवटचे कधी बदलले त्याची पावती माग, आणि पावती नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांग.