तुम्ही विचारलंत म्हणून: मटार का सोडला?

भात कापून झालं की आमच्या गोव्यात, डिचोलीकडे, ओल असेपर्यंत अळसांदे पेरून घेतात. घाटावरचे ज्याला चवळी म्हणतात, तेच. बांधावरून जाणारा कुणीतरी दर वर्षी थांबतो नि विचारतो, "मध्ये तुम्ही मटार पेरला होता ना? मग सोडलात का?" विचारणाऱ्याने बहुतेक मोबाइलवर परदेशातली शेतं बघितलेली असतात: कंबरभर हिवाळी मटार, त्यात चरणाऱ्या गाई.

मीही तेच बघून पेरला होता. गोठ्याला लागून, पाचशे चौरस मीटरात. पहिल्या वर्षी वेल वीतभर वाढले आणि पिवळे पडले. एक उपटून मुळं नळाखाली धुतली, तर गाठ म्हणून नाही. शेजारचा अळसांद्याचा वेल उपटला, तर त्याच्या मुळांना ज्वारीएवढ्या गाठी. एक नखाने फोडली, आत गुलाबी. हवेतलं नत्र धरणारे जिवाणू त्या गाठीत असतात, आणि आतून गुलाबी दिसली म्हणजे त्यांचं काम चालू आहे. अळसांद्याला लागणारे जिवाणू आमच्या मातीत आहेतच. मटाराचे वेगळे, जिथे मटार कधी झालाच नाही तिथे ते असणार कुठून? दुसऱ्या वर्षी गुळाच्या पाण्यात मटाराचं रायझोबियम, म्हणजे त्याच जिवाणूंची विकतची पुडी, कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं, तेव्हा कुठे गाठी धरल्या.

थंडीची पुडी मात्र मिळत नाही. जानेवारीत आमच्याकडे पहाटे 20 अंश, दुपारी 32. हिवाळी मटार शून्याखालीही तग धरणारा गडी, आमच्या दुपारी मान टाकायचा. फुलं आली, बरीचशी गळली, मग पानांवर भुरी पडली. पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखे वेल.

गाईला मात्र आवडला, हे कबूल करतो. पण कोवळा ओला पाला उपाशी पोटी पोटभर घातलात तर पोट फुगतं. आधी पेंढा टाकायचा, आणि कापलेला वेल थोडा कोमेजू द्यायचा. अळसांद्याच्या वेलालाही हेच.

यावर लोक म्हणतात, मग अळसांदेच बरे. तोणाकाला, म्हणजे आमच्या कडधान्याच्या रस्सा भाजीला, दाणे, गाईला वेल, जमिनीला नत्र. इथे मी अडवतो. दाणा भरू लागला की वेलातलं नत्र दाण्याकडे चालू लागतं. शेंगा घरात नेल्या, वेल गोठ्यात नेला, की शेतात मुळं आणि गळलेला पाला, एवढंच उरतं. गाईच्या वाट्याचं थोडंफार शेणातून परत येतं, तेही शेण त्याच शेतात टाकलंत तर. जमिनीला खरोखर द्यायचं असेल तर पीक फुलावर असतानाच गाडावं लागतं, शेंगेची वाट न बघता. मग मटार असो की अळसांदे.

म्हणून मी आता कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, वाटून टाकलेत. घराजवळचे दोन तोणाकाचे, गोठ्याकडचा गाईचा, आणि खालचा, जिथे भात नेहमी फिकं राहतं, तो गाडायचा. फुललेल्या अळसांद्यावर पॉवर टिलर घालायचा म्हणजे काय, हे आईला अजून पटलेलं नाही. त्या दिवशी ती खालच्या शेताकडे फिरकत नाही.