फ्रिजमधल्या चौदा व्हायल

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ सगळं पाण्यात. ज्यांच्याकडून आम्ही माल उचलतो ते स्टॉकिस्टही त्यातच, कोल्हापूरकडचा महामार्ग बंद. माझं मेडिकल मिरजेत. इथल्या शाळांत, मंगल कार्यालयांत पूरग्रस्त आणून ठेवले होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले, चिठ्ठ्या घरातच बुडालेल्या. बीपीच्या गोळीचं कसंतरी निभावतं, एक नाही तर दुसऱ्या कंपनीची देता येते. इन्सुलिनचं तसं नाही. फ्रिजमध्ये त्याच्या १४ व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, होत्या.

आणि आमचे गाळामालक काका आले.

"सगळ्या बांध. काकूसाठी. पैसे वर घे पाहिजे तर."

"काका, एक देते."

"अगं, मी काय परका हाय व्हय?"

परके नव्हतेच. दिवाळीला गाळ्याचा करार संपत होता, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. एका व्हायलमध्ये ४०० युनिट. काकूंना दिवसाला ३० लागतात, म्हणजे एक तेरा दिवस पुरते. फ्रिजबाहेर ती टिकणार चारेक आठवडे, आणि त्यांच्या वाड्यात लाइट नव्हती. बाराएक व्हायल नुसत्या वाया गेल्या असत्या. काका एक घेऊन, न बोलता गेले.

मला तेव्हा बायबलमधला मान्ना आठवला, मोशेबरोबर रानात निघालेल्या इस्राएली लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप. ज्याने जास्त वेचलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी वेचलं त्याला कमी पडलं नाही, आणि सकाळपर्यंत साठवलेल्यात किडे पडले. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट देवावरच्या भरवशाची म्हणून शिकवतात. काउंटरमागे उभं राहिल्यावर मला ती वाटपाची वाटली. आमच्या चर्चच्या मंडळीत दानधर्मावर पुष्कळ बोलणं होतं, पण दानात देणाऱ्याचा हात वरच राहतो. मान्नात मोशेलाही माप तेवढंच.

आमचे बाबाही इन्सुलिनवर. त्यांची एक आधी काढून ठेवावी असं मनात आलंच. पण घरी अर्धी शिल्लक होती, म्हणून वहीत त्यांचं नाव सगळ्यात खाली घातलं. "मग भात कमी खातो," म्हणाले. खाल्ला नाही कमी.

संध्याकाळी हरिपूरची एक आजी नातवाला घेऊन आली. मदतीच्या खोक्यातून मिळालेली सिरिंज तिच्याकडे होती, केशरी टोपीची. ती १०० च्या इन्सुलिनची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १०० युनिट असलेल्या. आमच्या व्हायल ४० च्या, त्यांना लाल टोपीची लागते. केशरीत ३० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त १२ युनिट. सिरिंज बदलून दिली, नातवाकडून दोनदा रेघ दाखवून घेतली. आजी पदराची गाठ सोडायला लागली. म्हटलं, "राहू दे आजी, वहीत लिहिते."

"लिही बाई, पण देणार हाय मी," ती म्हणाली. पाणी उतरल्यावर नातवाच्या हाती पैसे पाठवलेही.

दोन व्हायल उरल्या असताना पुण्याकडून माल आला. दिवाळीला काकांनी भाडं वाढवलं. पुराचा संबंध असेल-नसेल. काकूंचं इन्सुलिन मात्र अजून माझ्याकडूनच जातं.