हेब्रॉन : एका शटरचा फोटो

बेथलेहेमहून हेब्रॉन वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्ही वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी शहरं. ‘किती वेळ लागेल?’ असं पिवळ्या सर्व्हिस टॅक्सीच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो ‘हाजिझ’ एवढंच म्हणाला आणि हात वर केले. हाजिझ म्हणजे चेकपोस्ट. उघडी असली तर अर्धा-पाऊण तास, नसली तर अल्लाची मर्जी. २०१९चा सप्टेंबर होता. गाडीत सात जण होतो, आणि हा प्रश्न पडलेला मी एकटाच.

रस्त्यावरून वस्त्या ओळखायला सोप्या. गच्चीवर काळ्या टाक्यांची गर्दी दिसली की पॅलेस्टिनी गाव. लाल कौलं आणि टाक्यांचा पत्ता नाही, ती पॅलेस्टिनी भागात वसवलेली इस्रायली वसाहत. मी लातूरचा, त्यामुळे टाक्यांचं मला अप्रूप नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसला की माणूस टाक्या घेतोच. पण समोरच्या टेकडीवरच्या वसाहतीत नळाचं पाणी तुटत नाही, हे रोज बघत इथले लोक टाक्या भरतात.

हेब्रॉनला अरबीत अल-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र. देवाचा मित्र इब्राहिम इथे पुरलेला आहे अशी श्रद्धा. तोच ज्यूंचा अब्राहम. १९६७ला शहर इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेलं. १९९७च्या करारात त्याचे दोन भाग झाले. मोठा भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे गेला, जुनं शहर असलेला सुमारे वीस टक्के भाग लष्कराकडेच राहिला. या वीस टक्क्यांत काहीशे इस्रायली वसाहतवासी आणि तीसेक हजारांवर पॅलेस्टिनी राहतात. रस्ता एकच असला तरी एकाला नागरी कायदा लागू, दुसऱ्याला लष्करी.

जुन्या बाजारात डोक्यावर तारेची जाळी ताणलेली आहे. मला वाटलं, कबुतरांसाठी असेल. मग वर बघितलं : बाटल्या, विटांचे तुकडे, डायपर. वरच्या मजल्यांवर वसाहतवासी राहतात. ‘घन पदार्थ अडतात, पातळ नाही,’ खाली रुमाल विकणारे एक काका म्हणाले. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. त्यांनी सेजची पानं घातलेला चहा पाजला. एक स्कार्फही गळ्यात मारला. तो घेणार नाही असं मी ठरवलं होतं.

बोलता बोलता कळलं की त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान शुहदा रस्त्यावर होतं. चालत चार मिनिटांवर. २५ फेब्रुवारी १९९४ला बारूख गोल्डश्टाइन या वसाहतवाशाने इब्राहिमी मशिदीत नमाजाला बसलेल्या २९ जणांना गोळ्या घातल्या. मारणारा ज्यू, मेलेले मुसलमान, आणि संचारबंदी लागली ती मुसलमानांवर! शुहदा रस्ताही तेव्हापासून बंद होत गेला. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात तर बऱ्याच लांबीवर पॅलेस्टिनींना पायी चालायचीही मनाई झाली. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संघटनेने २००७मध्ये मोजदाद केली, तेव्हा या भागातली १,८२९ दुकानं बंद होती. काही घरांचे दरवाजे बाहेरून वेल्डिंग करून टाकलेत. ती माणसं मागच्या शिडीने नाहीतर शेजाऱ्याच्या गच्चीवरून घरात शिरतात. फ्रिज आणायचा तर कसा, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

‘तुम्ही जाऊ शकता,’ काका म्हणाले. ‘बघून या ना, पाटी आहे का अजून.’ मला अरबी येत नाही. त्यांनी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत वडिलांचं नाव लिहून दिलं. म्हणाले, जुळवून बघा.

लोखंडी फिरत्या फाटकापाशी वीस-एक वर्षांच्या सैनिकाने पासपोर्ट पाहिला आणि धर्म विचारला. हिंदू म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. लष्कराची नोकरी संपली की तो गोव्याला येणार होता. अंजुना बरं की अरंबोळ? मी अरंबोळ म्हणालो. माझ्या मागे एक बाई भाजीच्या पिशव्या उघडून उभ्या होत्या. आमचं गोवा संपेपर्यंत त्या तशाच थांबल्या.

पलीकडे भर दुपारी शुकशुकाट. दोन्ही बाजूंना हिरवट शटरं, त्यांवर स्प्रेने काढलेले सहा टोकांचे तारे. भिंतीवरच्या एका फलकावर १९२९च्या कत्तलीची हकीकत होती. तेव्हा या शहरात ६७ ज्यू मारले गेले. तेही खोटं नाही, आणि इथले वसाहतवासी आपला हक्क सांगताना तिथूनच सुरुवात करतात. पण ते वाचत असताना माझ्या हातात कापडाच्या दुकानाचं नाव लिहिलेलं बिल होतं, आणि त्या दोन गोष्टींची सांगड मला घालता येईना.

दुकान सापडलं. पाटी गंजलेली, कागदावरची तीन अक्षरं जुळली. पायरीच्या फटीतून अंजिराचं रोप वर आलेलं. दोन फोटो काढून परतलो.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बोटांनी मोठा केला. पाटीवर फार वेळ थांबले नाहीत. अंजिरापाशी थांबले. ‘नवा भाडेकरू,’ म्हणाले, आणि हसले. तेवढ्यात समोरचे मसालेवाले उठून आले, मोबाइलमध्ये डोकावले. त्यांचं दुकान डावीकडचं. माझ्या फोटोत ते अर्धंच आलं होतं.

‘उद्या परत जाणार का तिकडे?’ त्यांनी विचारलं.

बेथलेहेमची गाडी पकडायची होती. मी घड्याळ बघितलं आणि पुन्हा फाटकाकडे निघालो. या वेळी रांग होती.