शंभर व्हायच्या आत

मंगळवार. रात्रीचा दीड वाजून गेलाय.

धाकटी शेजारी झोपली आहे. मला झोप नाही. सिनेमा संपून तास होऊन गेला तरी माझं लक्ष अजून स्वतःच्या श्वासावरच आहे. आत घेतला, बाहेर सोडला, पुन्हा आत. असं लक्ष ठेवून घेतलेला श्वास कधीच पुरेसा वाटत नाही. म्हणून लिहायला बसले.

'फॉर्टीसेव्हन मीटर्स डाउन' पाहिला. 2017 चा, जोहानस रॉबर्ट्सचा. धाकटीनेच लावला. लिसा आणि केट या दोघी बहिणी सुट्टीत मेक्सिकोला गेल्या आहेत. लिसाला तिच्या मित्राने नुकतंच सोडलंय. तिच्यासोबत राहणं कंटाळवाणं झालं, असं त्याचं म्हणणं. मग त्याला दाखवायला काहीतरी धाडसाचे फोटो हवेत, एवढ्यासाठी ती शार्क बघायच्या पिंजऱ्यात उतरायला तयार होते. ती आयुष्यात कधी पाण्याखाली गेलेली नाही, केट गेलेली आहे. बोट जुनाट, पिंजरा गंजलेला. वरची तार तुटते आणि पिंजरा दोघींना घेऊन सरळ तळाला जातो. सत्तेचाळीस मीटर.

शार्कचे सिनेमे मी बरेच पाहिलेत. दचकायला होतं आणि दिवा लावला की संपतं. ह्याचं तसं झालं नाही, कारण ह्यात मला शार्कपेक्षा तो काटा जास्त दिसत राहिला. सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे दाखवणारी ती छोटी तबकडी असते ना, तिच्यावरचा काटा. लिसा दर थोड्या वेळाने तो बघते. आधी शोधून बघते, मग सवयीने बघते, आणि शेवटी बघायचंच टाळते. हे टाळणं मी ओळखते. दवाखान्यातून आलेला कागद उलटा ठेवून देतो, तसं.

मध्येच सिनेमा थांबवून मी कागदावर हिशेब मांडला. धाकटी वैतागली, पण मला राहवेना. माणूस शांत असेल तर मिनिटाला साधारण 15 ते 20 लिटर हवा घेतो. 12 लिटरचं सिलिंडर 200 बार दाबाने भरलं तर त्यात 2400 लिटरच्या आसपास हवा बसते. जमिनीवर हे दोन तास आरामात पुरेल. पण पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे जमिनीवरचा एक धरून 47 मीटरवर तो 5.7 पट झालेला असतो, आणि तीच छाती भरायला तितक्याच पट हवा लागते. दोन तासांची वीस-पंचवीस मिनिटं होतात. तीही शांत माणसाची. घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने श्वास घेतो, त्याला दहा-बाराच मिळतात. म्हणजे तिथे भीतीसुद्धा हवेच्या मापात मोजली जाते. किंकाळी मारली तर तेवढी हवा गेली. रडलं तर तेवढी गेली.

बरं, पिंजऱ्याचं दार उघडून सरळ वर सुटावं, तर तेही नाही. खोलवर असताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरभर विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उडवल्यावर जे होतं ते अंगात होतं: बुडबुडे. सांध्यांत, मणक्यात, कधी मेंदूत. म्हणून पाणबुडे मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या बेताने वर येतात आणि मध्ये थांबतात. उघड्या पाण्यात, अंधारात, मुद्दाम थांबायचं. खाली शार्क आहे हे माहीत असताना घड्याळाकडे बघत लटकून राहायचं.

हा सिनेमा मला इथे धरून ठेवतो. शार्क प्रत्यक्ष दाताने जेवढं करतो त्याहून जास्त नुसतं असण्याने करतो. हवा म्हणते लवकर निघ, रक्त म्हणतं सावकाश ये, आणि ह्या दोघांच्या मध्ये तो फिरत असतो.

आणखी एक गोष्ट दिग्दर्शकाने केली आहे. दोघींना तोंडभर झाकणारे मास्क दिलेत, ज्यातून बोलता येतं. नेहमीच्या डायव्हिंगमध्ये हवेची नळी दातांत धरलेली असते, बोलणं शक्यच नसतं, सगळं हाताच्या खुणांनी. इथे त्या बोलतात. बोटीशी संपर्क तळावरून लागत नाही, त्यासाठी पिंजरा सोडून थोडं वर जावं लागतं, आणि ते केट करते. लिसा खाली एकटी, कानात फक्त बहिणीचा आवाज. "मी आहे." "मी येतेय." तो आवाज थांबला की मला खुर्चीत बसवेना.

मला लिफ्ट आठवत होती.

मी अकरा वर्षांची होते, धाकटी सात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आणि दिवाही गेला. आतून पत्र्याचं दार, हात लावला तर गार. बाहेर कुणाला ऐकू जातंय की नाही कळत नव्हतं. आत हवा भरपूर होती, लिफ्टमध्ये माणूस गुदमरत नाही, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माझी पक्की खात्री होती की हवा संपत चालली आहे. मी हळूहळू, नाकाने, चोरून श्वास घेत होते, म्हणजे तिच्या वाट्याला जास्त येईल. तिला म्हटलं, शंभर म्हण, शंभर झाले की दिवा येईल. तिने लगेच सुरुवात केली. मोठ्याने, शाळेत म्हणतात तशी. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी, आणि अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वदपर्यंत आली की घसरायची आणि परत ऐंशीवर. एकोणनव्वदपाशी बरीच मुलं अडकतात, मीही अडकायचे. मी काही बोलले नाही. ती पुन्हा ऐंशी, पुन्हा एकोणनव्वद. किती वेळा, ते आठवत नाही. मग वरून आवाज आले आणि कुणीतरी दार उचकटलं.

आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नव्हतो.

पडद्यावर पिंजरा पुन्हा वर निघाला होता. दुसरी तार लावून ओढतात, निम्मा वर येतो आणि तीही तुटते. ह्या वेळी लिसाचा पाय पिंजऱ्याखाली सापडतो. धाकटीने तिथे थांबवून पाणी आणलं. म्हणाली, "ताई, असे पिंजरे खरंच कुणी काढले गं?"

मला माहीत होतं, कारण ही गोष्ट मला फार आवडते. 1963 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉडनी फॉक्स नावाच्या माणसाला भाल्याने मासे मारायच्या स्पर्धेत ग्रेट व्हाइट शार्कने धरलं. छाती, पोट, हात, सगळं फाटलं होतं. तो वाचला. पुढे प्राणिसंग्रहालयात सिंहाचा पिंजरा बघताना त्याला सुचलं की आपण उलटं करायचं, माणसाने आत बसायचं. आणि ज्याने आपल्याला जवळजवळ मारलं त्याच जनावराला बघायला तो पुन्हा पाण्यात उतरला, नंतर आयुष्यभर शार्क वाचवा म्हणून सांगत राहिला. 'जॉज'साठी खऱ्या शार्कची दृश्यं रॉन आणि व्हॅलरी टेलर ह्या जोडप्याने तिकडेच टिपली, आणि फॉक्सही त्यांच्यासोबत होता. तिथे एक शार्क पिंजऱ्याच्या तारांत गुंतला आणि सुटायच्या धडपडीत त्याने पिंजऱ्याची पार मोडतोड केली. पिंजरा रिकामा होता. ते दृश्य इतकं जबरदस्त आलं की कादंबरीत पिंजऱ्यात मरणारा शास्त्रज्ञ सिनेमात जिवंत ठेवला. पिंजरा रिकामा दिसतोय म्हटल्यावर माणूस आधीच निसटला असं दाखवणं आलंच.

ते चित्रण मी अनेकदा पाहिलंय. राग आल्यासारखं दिसतं, पण तो तारेत अडकलेला आहे. शार्कला वळता येतं, मागे सरकत पोहता येत नाही. चावताना ग्रेट व्हाइट डोळे आत फिरवून घेतो, म्हणजे शेवटच्या क्षणी त्याला समोरचं दिसतही नाही. आमिषावर झेपावताना तोंड गजांत गेलं की पुढेच धडका मारणं एवढंच त्याच्या हातात उरतं. 2016 मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ असा एक शार्क गज तोडून थेट पिंजऱ्यात शिरला होता. आत माणूस होता, तो सुखरूप बाहेर आला. शार्क वरच्या झाकणातून रक्ताळलेला निघाला. 2023 मध्ये मेक्सिकोने त्या बेटाजवळचं हे शार्क-पर्यटन बंदच केलं. मला बरं वाटलं होतं.

धाकटी ऐकत होती, पण तिचं लक्ष थिजलेल्या चित्राकडे होतं. लिसाचा पाय, आणि बाजूला केटचा हात.

शेवट ज्यांना माहीत नको त्यांनी इथेच थांबावं. बोटीवरून नवी सिलिंडरं खाली येतात आणि सोबत इशारा येतो: दुसऱ्या सिलिंडरवर जाल तर भास होऊ लागतील. ह्याला नायट्रोजनची गुंगी म्हणतात. साधारण 30 मीटरच्या खाली हवेतलाच नायट्रोजन मेंदूला भूल दिल्यासारखा वागायला लागतो. माणूस हसतो, निवांत होतो, चुकीचे निर्णय घेतो आणि त्याला ते बरोबर वाटतात. लिसा सुटते, केटला शोधते, दोघी मिळून वर येतात, शार्कच्या तावडीतून बोटीवर पोचतात. मी मोठा श्वास सोडला. मग लिसा आपल्या हाताची जखम बघते. रक्त जसं वाहायला हवं तसं वाहत नाहीये. ती अजून तळाशीच आहे. पिंजऱ्यात, एकटी, हसत, बहिणीशी बोलत. तिला न्यायला पाणबुडे येतात. केट तिच्या डोळ्यांदेखत गेलेली असते.

ह्याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मला तसं नाही वाटलं. तळाशी बसलेल्या मुलीच्या मेंदूने शेवटच्या हवेवर पहिलं काय बनवलं, तर बहीण. ते खोटं आहे म्हणून हलकं होत नाही.

पाट्या सुरू झाल्या. आम्ही दोघी गप्प. मी उगाच म्हणाले, "तुला लिफ्ट आठवते का गं?"

"हो."

"मला वाटलं होतं हवा संपली. तुला सांगितलं नाही."

"मला कळलं होतं. तू श्वास घेतच नव्हतीस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, मला एकोणनव्वद येत होतं."

मला कळेना.

"शंभरपर्यंत येत होतं मला सगळं. पण तू म्हणाली होतीस शंभर झाले की दिवा येईल. शंभर झाले आणि नाही आला, तर तू काय केलं असतंस? म्हणून मी परत ऐंशीवर जायचे."

हे सांगून ती कूस बदलून झोपली. माझ्या बाजूचा दिवा अजून चालूच आहे.