किमान एकदा

सोमवारी सकाळी दहाला माझ्यासमोरचा डॅशबोर्ड इतका हिरवागार होता की मी त्याचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवला. कंपनीच्या वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकींशी जोडणारा नवा इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म सुरू होऊन तीन तास झाले होते. विक्रीच्या सिस्टीममधून ऑर्डर निघत होत्या, गोदामाच्या सिस्टीममध्ये पोहोचत होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'यशस्वी' असं लिहिलेलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गोदामातून फोन आला.

"सर, तुमचं ते नवीन सुरू झालं ना आज?"

"हो मॅडम. फरक जाणवतोय का काही?"

"जाणवतोय ना. एकेका गिऱ्हाइकाच्या तीन-तीन पॅकिंग स्लिपा निघतायत. एकाच्या तर पाच. माल भरायचा का पाचही खोक्यांत?"

मी आधी त्यांच्या प्रिंटरवर संशय घेतला. हे लिहायला लाज वाटते, पण घेतला.

थोडं मागचं सांगतो. आमच्याकडे १४ सिस्टीम होत्या आणि प्रत्येक जोडणी ज्याने त्याने आपापल्या सोयीने केलेली. प्लॅटफॉर्म मंजूर करून घेताना मी एक स्लाइड दाखवली होती: १४ सिस्टीम एकमेकींशी थेट जोडल्या तर १४ गुणिले १३ भागिले २, म्हणजे ९१ जोडण्या, मध्ये प्लॅटफॉर्म ठेवला तर फक्त १४. गणित बिनचूक होतं, पण ९१ जोडण्या आमच्याकडे कधीच नव्हत्या. कागदोपत्री १७ होत्या. प्रत्यक्ष सर्व्हर धुंडाळल्यावर २३ सापडल्या. वरच्या सहा कुणी, कधी, कशासाठी केल्या हे कुणालाच सांगता येईना. खरं काम त्या सहांमध्ये होतं. स्लाइडवर मात्र ९१ रेघांचं जाळं छान दिसलं.

गोदामाची जोडणी त्या १७ मधलीच, म्हणून सोपी समजलेली. रात्री एक स्क्रिप्ट दिवसभराच्या ऑर्डरची फाइल बनवायची आणि गोदामाची सिस्टीम ती पहाटे उचलायची. त्याजागी आम्ही ऑर्डर आली की लगेच पाठवायला लागलो. सगळ्यांना 'रिअल टाइम' हवं होतं. गोदामाला हवं होतं का, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

प्रिंटरवरचा संशय फिटला तेव्हा मी एक ऑर्डर धरून तिचा माग काढला. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी विनंती गेली. गोदामाच्या सिस्टीमने ती घेतली, साठा तपासला, स्लिप काढली आणि 'झालं' असं उत्तर दिलं, पण पंचेचाळीस सेकंदांनी. आमचा टाइमआउट, म्हणजे उत्तरासाठी थांबायचा वेळ, होता तीस सेकंदांचा. प्लॅटफॉर्मने ठरवलं की विनंती फसली, आणि पुन्हा पाठवली. तिकडे दुसरी स्लिप निघाली. उत्तर पुन्हा उशिरा. तिसऱ्या खेपेला गोदामाची सिस्टीम जरा मोकळी झाली, उत्तर वेळेत आलं आणि माझ्या डॅशबोर्डवर एक हिरवी ओळ उमटली. एक संदेश, यशस्वी. तिकडे तीन खोकी.

रिट्राय ३ वेळा, म्हणजे फसलं तर आणखी तीनदा पाठवायचं, हा पर्याय मीच निवडला होता. डीफॉल्टच होता तो.

पाच स्लिपांचं कोडं सुटायला आणखी दहा मिनिटं लागली, कारण त्याचं उत्तर मला नको होतं. चारही प्रयत्न फसले की संदेश डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे न पोहोचलेल्या संदेशांच्या रांगेत जातो. साडेदहाला तिथे १९ संदेश पडलेले मला दिसले होते. सगळे निवडून मी 'पुन्हा पाठवा' दाबलं होतं. बहुतेक सगळे पहिल्याच झटक्यात गेले, आणि मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. म्हणजे ज्यांचं 'फसलं' असं आम्ही समजत होतो, त्यांच्या चार-चार स्लिपा आधीच निघालेल्या होत्या. पाचवी माझ्या हातची.

प्लॅटफॉर्मच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. संदेश 'किमान एकदा' पोहोचेल, अशी हमी होती. मी ती वाचली होती, आणि त्यातला 'किमान' माझ्या नजरेतून सुटला होता. सिस्टीम ज्या पद्धतीने वेबवरून एकमेकींशी बोलतात त्या एचटीटीपीच्या नियमांतही गेट (माहिती मागणं), पुट (ठरलेल्या जागी ठेवणं), डिलीट (काढून टाकणं) या विनंत्या दोनदा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा व्हायला हवा; नवं काही नोंदवायला वापरतात त्या 'पोस्ट' विनंतीला तशी हमी नाही. आम्ही पोस्ट वापरत होतो. हे मुलाखतीत मी उमेदवारांना विचारतो.

मग गोदामाकडे जाणारा प्रवाह तेवढा थांबवला. ऑर्डर क्यूमध्ये साचत राहिल्या, पण एकही हरवली नाही. प्लॅटफॉर्मच्या बाजूने हे सांगायलाच हवं. शिवाय प्रत्येक संदेशाला माग काढायचा क्रमांक होता, त्यामुळे दुहेरी-तिहेरी गेलेल्या सगळ्या ऑर्डरची यादी चाळीस मिनिटांत हातात आली. जुन्या स्क्रिप्टच्या काळात याला दोन दिवस लागले असते. मॅडमनी यादी समोर ठेवून गाडीत चढलेली खोकी उतरवून घेतली. आठ तरीही निघून गेली होती.

पण जुन्या स्क्रिप्टच्या काळात ही वेळच का आली नाही? दुपारी मी ती पुन्हा उघडली. शेवटी दहा-बारा ओळी होत्या: आधी पाठवलेल्या ऑर्डर क्रमांकांची एक फाइल वाचायची, त्यातले क्रमांक आजच्या यादीतून वगळायचे, मग नवे क्रमांक त्या फाइलला जोडायचे. वर शेरा, फक्त दोन शब्द: 'काढू नका'. लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झालेले. जुन्यातलं काय नव्यात कुठे न्यायचं याच्या माझ्या तक्त्यात, मॅपिंग शीटमध्ये, त्या ओळींपुढे मीच लिहिलं होतं, 'आवश्यक नाही'.

दुरुस्ती दिसायला सोपी होती. गोदामाच्या सिस्टीमने ऑर्डर क्रमांक पाहून दुसरी विनंती नाकारायची. पण ती सिस्टीम आमचा क्रमांक 'शेरा' या रकान्यात ठेवायची आणि प्रत्येक विनंतीला स्वतःचा नवा क्रमांक द्यायची. तिच्या पुरवठादाराने बदलाला सहा आठवडे मागितले. तोवर आम्ही टाइमआउट वाढवला, आपोआप होणारा रिट्राय बंद केला, आणि उत्तर आलं नाही तर पाच मिनिटं थांबून आधी 'हा क्रमांक तुमच्याकडे आहे का' असं विचारायचं ठरवलं. पाच मिनिटं अशासाठी, की उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं. ते तिकडे अजून चालूही असू शकतं. डेड लेटर क्यूमधलं 'पुन्हा पाठवा' हे बटण माझ्यासकट सगळ्यांच्या हातून काढून घेतलं.

मॅडमना डॅशबोर्ड दाखवायचा म्हणून मी दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो. त्यांनी तो शांतपणे पाहिला. "हे सगळं तुम्ही काय पाठवलं ते सांगतंय," त्या म्हणाल्या. "मला काय मिळालं ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला त्या मला दिवसभरात निघालेल्या स्लिपांचा आकडा पाठवतात आणि मी माझ्याकडच्या ऑर्डरशी तो ताडून पाहतो. पुरवठादाराने बदल करून दिला, त्यालाही आता बरेच महिने झाले, पण हे आम्ही बंद केलेलं नाही. परवा एकाचा फरक आला. अर्धा तास लॉग उपसले, काही सापडेना. शेवटी फोन केला.

"अहो, ती एक मी हातानेच टाकली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तुम्हाला कळतंय का."