पाणी उतरलं म्हणजे नक्की काय झालं?

पावसाळ्यात नाशिकला गोदावरीकाठी रामकुंडावर कुणी म्हणालं, ‘पाणी उतरलं’, तर दुकानदार शटर वर करतात आणि गाळ काढायला लागतात. पूर ओसरला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुन्हा मोकळी दिसायला लागली, एवढा त्याचा अर्थ. हेच दोन शब्द निफाडच्या किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी ऐकू आले, तर ती आनंदाची बातमी असते. कडक हिरवा मणी मऊ पडायला लागला, आतून पारदर्शक दिसायला लागला, आता गोडी भरणार. गोदावरीचं पाणी उतरतं तेव्हा ते कमी होतं, मण्यात पाणी उतरतं तेव्हा ते येतं. क्रियापद तेच, कर्ताही तोच, आणि अर्थ मात्र उलट.

हा गोंधळ नाही. मराठीत हालचालीचं क्रियापद एकटं काही ठरवत नाही. हलतंय काय आणि त्याच्या शेजारच्या शब्दाला कोणता प्रत्यय लागलाय, यावर अर्थ ठरतो. ‘मण्यात पाणी उतरलं’ यातला ‘-त’ काढून बघा. त्या ‘-त’मुळेच उतरणं म्हणजे कुठेतरी पोचणं होतं. बोलणं मनात उतरतं, चित्र कागदावर उतरतं, पैलवान आखाड्यात उतरतो. प्रत्यय नसला की बहुतेक वेळा उतरणं म्हणजे कमी होणं: ताप उतरला, चेहरा उतरला, नशा उतरली. लासलगावला ‘कांदा शंभरानं उतरला’ म्हणजे क्विंटलमागे भाव पडला. आणि सगळ्यात बारीक फरक इथे बघा. ‘तो मनात उतरला’ आणि ‘तो मनातून उतरला’. एका ‘-ऊन’नं माणूस आपला होता तो परका झाला.

मराठी शिकणाऱ्यांना, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्याच मुलांना, किंवा भाषांतर करणाऱ्यांना अशी क्रियापदं समजावताना अर्थांची यादी पाठ करायला देऊ नये. यादी लांबते आणि वेळेला एकही अर्थ आठवत नाही. त्यापेक्षा वाक्य घ्यावं आणि तीन गोष्टी तपासाव्यात. खरोखर जागा सोडून हलतंय ते काय? माणसाच्या नावाला ‘-ला’ (अनेकवचनात ‘-ना’) लागलाय का? आणि त्या क्रियापदाचं प्रयोजक रूप, म्हणजे ती क्रिया दुसऱ्याकडून करवण्याचं रूप, त्याच अर्थानं होतं का? तिसरी चाचणी लोक विसरतात, पण तीच सगळ्यात उपयोगी आहे.

‘चालणे’ घेऊ, कारण मराठी माणूस दिवसभरात हा शब्द जितका वापरतो तितका क्वचितच दुसरा वापरत असेल. मूळ अर्थ पायांनी पुढे जाण्याचा. पण ‘तो चालला’ हे वाक्य अर्धवटच आहे. ‘तो पाच किलोमीटर चालला’ म्हणजे पायी गेला, घटना संपली, शुद्ध भूतकाळ. ‘तो मुंबईला चालला’ म्हणजे आत्ता निघालाय, अजून दारातच असेल. रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. अंतर किंवा ‘-पर्यंत’ आलं की पाय चालतात, गावाच्या नावाला ‘-ला’ आला की माणूस निघतो. या दुसऱ्या अर्थात पायांचा काही संबंधच उरत नाही, म्हणून ‘उद्या विमानानं दिल्लीला चाललोय’ हे अगदी बरोबर आहे. पण याच वाक्यात ‘विमानानं दिल्लीला चालतो’ म्हटलं की ऐकणारा हसेल. निघण्याचा अर्थ फक्त ‘चालल-’ या रूपात राहतो, ‘चालत-’मध्ये नाही. ‘थंडी कमी होत चालली’, ‘पैसे संपत चालले’ यातला हळूहळूचा अर्थही याच रूपाला चिकटलेला आहे.

मग ‘चालेल’. मराठीतला हा सगळ्यात सोयीचा होकार. चहा नाही, कॉफी चालेल. शनिवार नाही, रविवार चालेल. इथे कुणीच चालत नाही, आणि ज्याला ते मान्य आहे त्याच्या नावाला ‘-ला’ लागतो: मला चालेल, त्यांना चालणार नाही. हा ‘-ला’ गाळला की वाक्य घसरतं. ‘हा उमेदवार चालणार नाही’ हे नुसतं ऐकलं तर तो पदयात्रेत चालणार नाही की पक्षाला मान्य होणार नाही, हे कळत नाही. ‘आम्हाला’ लावलं की शंका मिटली. आता प्रयोजकाची चाचणी लावा. पायांच्या चालण्याचं ‘चालवणे’ होतं: बाळाला बोट धरून चालवणे. यंत्र आणि व्यवहाराच्या चालण्याचंही होतं: गाडी चालवणे, दुकान चालवणे, घर चालवणे. मान्य असण्याच्या ‘चालणे’चं मात्र नुसतं ‘चालवणे’ होत नाही, तिथे ‘चालवून घेणे’ होतं. ‘एवढ्या वेळी चालवून घेऊ’ म्हणजे बरोबर नाही हे माहीत असून सोडून देऊ. म्हणजे हे अर्थ खरोखर वेगळे आहेत, एकाच अर्थाच्या छटा नव्हेत.

याच क्रियापदात एक सापळा आहे, तो जवळून बघण्यासारखा आहे.

‘आजोबा आता चालवत नाहीत.’
‘आजोबांना आता चालवत नाही.’

पहिल्या वाक्यात आजोबांनी स्कूटर सोडली. दुसऱ्यात त्यांच्या पायांतली ताकद गेली. पहिलं ‘चालवणे’ प्रयोजक आहे, दुसरं शक्य क्रियापद आहे, म्हणजे जमणं-न जमणं सांगणारं, ‘बघवत नाही’, ‘जाववत नाही’ यांच्या जातीचं. दोन्ही रूपं ऐकायला जवळजवळ सारखी, पण शक्य क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही. आजोबा असोत, आजी असो, मी असो की आपण सगळे, ते ‘चालवत नाही’ असंच राहतं. दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांचं बोलणं कुणी दुसऱ्या भाषेत लिहून घेत असेल, तर हा एक ‘-ना’ सुटला की तक्रारच बदलते.

बसस्थानकाकडे वळू. ठक्कर बाजारला उभं राहिलं की ‘गाडी लागली का?’ हा प्रश्न दर पाच मिनिटांनी कानावर येतो. गाडी फलाटावर येऊन उभी राहिली का, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. त्याच गाडीत बसून कसारा घाटात शिरल्यावर मागच्या सीटवरून ‘मला गाडी लागते’ असं ऐकू आलं, तर खिडकीची जागा आणि पिशवी द्यावी. आणि ‘सातपूरला कामावर जायला मला गाडी लागते’ हे तिसरंच: इथे गाडीची गरज आहे. पहिल्या अर्थात माणूसच नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात ‘मला’ दोन्हीकडे आहे, म्हणून तिथे ‘-ला’ची चाचणी पुरत नाही, आजूबाजूचा शब्द बघावा लागतो. ‘घाटात’ आलं तर मळमळ, ‘जायला’ आलं तर गरज. ‘लागणे’ हे काटेकोरपणे गतीचं क्रियापद नव्हे. गती संपून दोन वस्तूंचा स्पर्श होतो तिथे ते येतं, आणि त्यातूनच हे सगळे अर्थ फुटले असावेत असं मला वाटतं.

‘सुटणे’ त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला. जे धरून, बांधून, अडवून ठेवलं होतं ते मोकळं झालं, की सुटलं. हा एक धागा हातात धरला की बाकी सगळं आपोआप लागतं: वारा सुटला, शाळा सुटली, गणित सुटलं, घाम सुटला, पोट सुटलं, कैदी सुटला, कालव्याला आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा असतो, म्हणजे वाटणानं धरून ठेवलेलं तेल कडेनं मोकळं होऊन दिसायला हवं. मिसळीचा कट बिघडतो तो बऱ्याचदा इथेच: तेल सुटायच्या आत पाणी ओतलं की कच्च्या वाटणाचा वास राहतो आणि वर तर्री येत नाही. पाककृतींच्या भाषांतरात हल्ली ‘तेल वेगळे होईपर्यंत शिजवा’ असं छापलेलं दिसतं. तेल सुटणं हा शब्द घरात असताना ते का लिहावं?

गाडीच्या बाबतीत मात्र हिंदीमुळे एक चूक रुळत चालली आहे. ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे मराठीत गाडी निघाली, आणि मी तिच्यात असूही शकतो. मी मागे राहिलो असेन तर गाडी ‘चुकली’ किंवा ‘हुकली’. फोनवर ‘गाडी सुटली’ ऐकून घरचे निर्धास्त जेवायला बसतात आणि माणूस अजून फलाटावरच असतो, असं होऊ शकतं.

येणं आणि जाणं या जोडीवर वेगळं लिहावं लागेल, इतकं ते मोठं प्रकरण आहे. इथे फक्त नेहमी अडणाऱ्या जागा सांगतो. दुधाला उकळी येते आणि दूध उतू जातं: हवं ते येतं, हातातून निसटतं ते जातं. झोप येते, जाग येते, दिवे जातात, तोल जातो, चव जाते. पण हा नियम सरसकट लावू नका, कारण तापही येतो आणि रागही येतो. दार ओलांडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘आलोच’ मात्र शिकणाऱ्याला चकवतो: भूतकाळी रूप, आणि माणूस अजून निघालेलाही नसतो. त्याऐवजी ‘मी येत आहे’ असं जे आता मेसेजमध्ये दिसतं, त्यात लगबग नाही आणि आश्वासनही नाही.

कर्मणी रचनेत मराठी दोन्ही क्रियापदं वापरते. कार्यालयाच्या फलकावर ‘सूचित करण्यात येते’ असतं, त्यामागे आदेश देणारा कुणीतरी उभा असतो. ‘नागपंचमीला काही चिरलं जात नाही’ यात आदेश नाही, रीत आहे. आणि ‘माझ्याकडून बोललं गेलं’ यात रीतही नाही, तिथे माणूस सांगतोय की माझा इरादा नव्हता. माफीपत्र लिहिताना ‘बोलण्यात आले’ असं लिहिलं की माफी कोरडी होते. ती ‘बोललं गेलं’नेच मागावी.

बसण्याबद्दल थोडक्यात. धंद्यात जम बसला तर पेढे वाटतात, धंदा बसला तर कुलूप लागतं. घडी बसते, विश्वास बसतो, घसाही बसतो. माल उठला तर सगळा विकला गेला, पण कुणाचा बाजार उठला तर तो संपला.

‘वळणे’ हा मला स्वतःला फार आवडणारा शब्द, कारण तो रस्त्यापासून हातापर्यंत येतो. गाडी डावीकडे वळते, गुराखी गुरं वळतो, आई लाडू वळते, आजी वाती वळते, भीतीनं बोबडी वळते. रस्त्याला वळण असतं, अक्षराला असतं, आणि मुलालाही लावावं लागतं. ‘कळतं पण वळत नाही’ यातलं वळणं म्हणजे कळलेल्या दिशेला स्वतःला फिरवणं. ‘समजतं पण करत नाही’ असं म्हणून त्याचा अर्थ सांगता येतो, पण त्यातलं फिरणं जातं.

आता संस्कृतातून आलेले शब्द. नाशिकच्या शेतीच्या बातम्यांत ‘आवर्तन’ सतत येतं. मुळातला धातू ‘वृत्’, फिरणं. कालव्याचं आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी फिरून येणं, अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं म्हणजे तितक्यांदा फिरून म्हणणं, तीनतालाचं आवर्तन म्हणजे 16 मात्रा फिरून समेवर येणं. ‘निवर्तले’ म्हणजे मागे फिरले, म्हणून ते मृत्यूसाठी. गंगापूर धरणाचा ‘विसर्ग’ हा ‘दुःख’ लिहिताना दिला जाणारा विसर्गच आहे: सोडणं, एकीकडे श्वास, दुसरीकडे पाणी. बातमीतला 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. ‘5000 क्युसेक पाणी सोडले’ असं वाचल्यावर पुष्कळ जण तो एकूण साठा समजतात. तो दर आहे. किती वेळ सोडलं हे कळल्याशिवाय एकूण पाणी सांगता येत नाही.

शाळेत ‘गती’, ‘चाल’, ‘वेग’ हे तीन शब्द मुलांना अडवतात, कारण घरी ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. विज्ञानात तसं चालत नाही. गती म्हणजे हालचाल असणं. चाल म्हणजे अंतर भागिले काळ. वेग म्हणजे विस्थापन (निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर) भागिले काळ, आणि त्याला दिशा असते. नाशिकहून त्र्यंबक साधारण 28 किलोमीटर. बस तिथे जाऊन त्याच थांब्यावर परत आली आणि सगळ्याला दोन तास लागले, तर अंतर 56 किलोमीटर, सरासरी चाल ताशी 28 किलोमीटर, आणि सरासरी वेग शून्य, कारण विस्थापनच शून्य. मुलांना हे पटत नाही, कारण त्यांच्या कानात ‘वेग’ म्हणजे जोर. त्यात ‘चाल’ म्हणजे गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, माणसाची चालण्याची ढब, हे अर्थ आधीच घरात आलेले असतात. तेव्हा वर्गात व्याख्येआधी दोन मिनिटं हे घरचे अर्थ फळ्यावर लिहून बाजूला काढावेत. मग व्याख्या टिकते.

आणि एक लेखनाचं. ‘गती’ सुटा लिहिताना दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व: गतिशील, गतिरोधक. प्रगती दीर्घ, पण प्रगतिपुस्तक ऱ्हस्व. रस्त्यावर पिवळ्या पाटीवर ‘गतीरोधक पुढे आहे’ असं दिसलं, तर ती वेलांटी पहिली करायला रंगाऱ्याला एक मिनिट लागतं.