दसऱ्याला घेतलेली प्रियस

१५ एप्रिल २००७, रविवार. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी मंगळवार, १७ तारखेपर्यंत होती. पंधराला रविवार आणि सोळाला वॉशिंग्टनमध्ये इमॅन्सिपेशन डेची सुट्टी, म्हणून दोन दिवस वाढले होते. आमचं छोटं टॅक्स ऑफिस रविवारीही उघडं होतं. जानेवारी ते एप्रिल मी तिथे बसायचे.

"ताई, हे सॉफ्टवेअर बिघडलंय," आत येताच ते म्हणाले. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, स्वतः मात्र चिंब भिजले होते. मागून वहिनी आल्या, दाराशी छत्री झटकली आणि काही न बोलता खुर्चीवर बसल्या. मंडळाच्या गणपतीत भेटणारं, मूळचं सोलापूरचं हे जोडपं. पदरात दोन मोठी मुलं. रिटर्न ते दरवर्षी घरीच, दुकानातून सॉफ्टवेअरची सीडी आणून भरायचे. (त्यांची ओळख पटू नये म्हणून पुढचे त्यांचे आकडे थोडे बदललेत, गणित मात्र तेच आहे.)

बिघाड त्यांनी मला करून दाखवला. गाडीच्या पानावर टोयोटा प्रियस, तारीख ३० सप्टेंबर २००६. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं क्रेडिट (टॅक्समधून थेट मिळणारी सूट) ३,१५० डॉलर. मग घराच्या पानावर प्रॉपर्टी टॅक्सचे ८,६०० डॉलर टाकले, आणि गाडीचं क्रेडिट ३,१५० वरून थेट १,२५८ वर आलं. ८,६०० पुसले, पुन्हा ३,१५०. टाकले, १,२५८. असं तीनदा केलं.

"घराच्या टॅक्सचा आणि गाडीचा काय संबंध? आणि एवढे ८,६०० घातले तर रिफंड वाढला किती? २५८ डॉलर!"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण माझी नजर तारखेवर अडकली होती. २००५ च्या एनर्जी कायद्याने हे क्रेडिट आलं, तेव्हा त्यात प्रत्येक कंपनीसाठी एक मोजमाप घातलं होतं. एकूण ६०,००० हायब्रिड गाड्या विकल्या गेल्या, की त्या तिमाहीनंतरची एक तिमाही सोडून पुढे क्रेडिट टप्प्याटप्प्याने कमी होणार. टोयोटाने तो आकडा जून २००६ अखेरच्या तिमाहीत गाठला. त्यामुळे ३० सप्टेंबरपर्यंत हातात आलेल्या प्रियसला ३,१५०, आणि १ ऑक्टोबरपासून निम्मे, १,५७५. कागदावरची तारीख नेमकी सीमेवरची असली की विचारावंच लागतं.

"गाडी घरी कधी आली?"

"सप्टेंबर अखेर. हे बघा ना, करारावर २८ सप्टेंबर आहे."

"दसऱ्याला," वहिनी म्हणाल्या. आल्यापासूनचा त्यांचा पहिला शब्द.

२००६ चा दसरा २ ऑक्टोबरला, सोमवारी होता. गाडी शनिवारीच शोरूममध्ये तयार होती. दोन दिवसांवर दसरा आलाय तर तेव्हाच आणू, असं वहिनी म्हणाल्या होत्या. त्यात गैर काय? आपल्याकडे दसऱ्याला वाहन घरी आणायचं म्हणजे घरातला सणच असतो. त्यांनी पर्समधून कॅमेरा काढून फोटो दाखवला: पांढऱ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, दोन्ही मुलं ओशाळं हसत उभी, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली केशरी आकड्यांतली तारीख. क्रेडिट निम्मं होण्याची तारीख आठवड्यापूर्वी त्यांच्या वाचनात आली होती, आणि तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

"ताई, तीस सप्टेंबरच राहू द्या. करार सप्टेंबरचाच आहे. कोण बघायला येतंय?"

मी नाही म्हटलं. करार कधी केला याला इथे महत्त्व नाही, गाडी तुमच्या ताब्यात ज्या दिवशी आली तो दिवस धरतात. आणि आमच्याकडून रिटर्न गेलं, तर तयार करणारी म्हणून सही माझी असते. खोटी तारीख माहीत असून मी तिच्याखाली सही करणार नव्हते. हे बोलताना मला बरं वाटत होतं असं नाही. समोर वहिनी बसल्या होत्या आणि माझ्या प्रत्येक वाक्याने त्या आणखी आक्रसत होत्या.

"म्हणजे पंधराशे पंचाहत्तर डॉलरचा मुहूर्त झाला," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मी आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नव्याने भरायला घेतलं. पगार, बँकेचं व्याज, घराचं कर्ज, न्यू जर्सीचा आयकर, प्रॉपर्टी टॅक्स. शेवटी गाडी, २ ऑक्टोबर. एंटर दाबलं.

१,२५८.

मीही क्षणभर थांबले. तारीख बदलून ३० सप्टेंबर केली. १,२५८. पुन्हा २ ऑक्टोबर. १,२५८. मग या क्रेडिटचा फॉर्म ८९१० उघडला, आणि शेवटच्या काही ओळींत कारण सापडलं. कोरा कागद घेऊन मी त्यांच्यासमोर हाताने गणित मांडलं, कारण पडद्यावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

अमेरिकेत तेव्हा मध्यमवर्गीय माणसाचाही टॅक्स दोन पद्धतींनी मोजला जायचा. एक नेहमीचा. दुसरा एएमटी, म्हणजे ऑल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स. या दुसऱ्या हिशोबात राज्याचा आयकर वजा होत नसे, प्रॉपर्टी टॅक्स वजा होत नसे, घरातल्या माणसांमागची सूटही मिळत नसे. त्यांचं उत्पन्न १,५०,००० डॉलर. नेहमीच्या पद्धतीने टॅक्स आला १९,३१५. दुसऱ्या पद्धतीने फक्त कर्जाचं व्याज आणि देणग्या मिळून १८,००० वजा, मग त्या वर्षीची ६२,५५० ची ठरावीक सूट वजा, उरलेल्या ६९,४५० वर २६ टक्के: १८,०५७. दुसरा आकडा लहान, म्हणून एएमटी भरावा लागत नव्हता. इथवर सगळे निश्चिंत असायचे. पण हायब्रिडचं क्रेडिट तेव्हा तुमचा टॅक्स त्या दुसऱ्या आकड्याच्या खाली नेऊ शकत नव्हतं. १९,३१५ वजा १८,०५७. उरले १,२५८. तेवढंच क्रेडिट. बाकीचं पुढच्या वर्षी नेता येत नव्हतं, ते गेलंच.

म्हणून प्रॉपर्टी टॅक्स टाकला की नेहमीचा टॅक्स खाली यायचा, दुसरा जागेवरच राहायचा, दोन्हींमधली फट अरुंद व्हायची आणि क्रेडिट तिथे अडकायचं. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. गाडीच्या पानावर ते यातलं काही बोललं नव्हतं, एवढंच.

याचा मला तेव्हा राग आला आणि आजही येतो. दोन लाख डॉलरवर उत्पन्न असलेल्या १५५ जणांनी एका वर्षी एक पैसाही आयकर भरला नाही, असं १९६९ मध्ये अमेरिकी संसदेसमोर आलं आणि त्यातून या किमान कराचा जन्म झाला. त्या १५५ श्रीमंतांसाठी लावलेलं जाळं महागाईबरोबर आपोआप वर सरकत नव्हतं, आणि चाळीस वर्षांनी त्यात एडिसनमधलं कर्जाऊ घर आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी सापडत होती. या क्रेडिटपुरती ही अट २००९ च्या करवर्षापासून काढली. तोवर टोयोटाचं क्रेडिट संपलेलं होतं. ३० सप्टेंबर २००७ नंतर घेतलेल्या प्रियसला काहीच मिळत नव्हतं.

कागदावरचं गणित वहिनी माझ्या बरोबरीने वाचत होत्या. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"म्हणजे तीस तारखेला आणली असती, तरी एवढेच?"

"एवढेच. एक डॉलरही जास्त नाही."

"नक्की?"

मी दोन्ही तारखांचे फॉर्म ८९१० छापून त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. वरच्या भागात एकावर ३,१५०, दुसऱ्यावर १,५७५. तळाशी दोन्हीकडे १,२५८. त्यांनी ते नवऱ्याकडे सरकवले. ते वाचत राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "दोन ऑक्टोबर घालून पाठवा."

रिफंड ३४३ डॉलरचा झाला, वर त्या वर्षी सगळ्यांना परत मिळत होता त्या फोनवरच्या जुन्या कराचे, चौघांच्या घराला साठ. दोघांनी सह्या केल्या. ३० सप्टेंबरचा कागद मी फाडायला घेतला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तो मला हवाय," आणि घडी करून तो कॅमेऱ्याच्या केसमध्ये ठेवला.

बाहेर ओक ट्री रोडवर पाणी वाहत होतं. "तू थांब इथेच, मी गाडी दाराशी आणतो," म्हणत ते छत्री तिच्याच हातात ठेवून पावसात गेले.